जुन्या दुर्बिणींची नोंद: वर्षाचा रकाना शेवटी भरा

मॅडम, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. शाळेच्या प्रयोगशाळेतलं एक बंद कपाट उघडलं आणि त्यात १४ वस्तू निघाल्या. तीन पितळी दुर्बिणी, एक पांढरी जपानी दुर्बीण, आयपीसांची (डोळा लावायच्या भिंगांची) लाकडी पेटी, सेक्स्टंट (जहाजावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र), थिओडोलाइटसारखं (जमीनमोजणीत कोन मोजायच्या यंत्रासारखं) काहीतरी, खिशात मावेल एवढी छायाघडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची जाड तबकडी आणि बाकी किरकोळ. संस्थेला गॅदरिंगच्या आधी यादी हवी आहे. तुम्ही एक्सेलमध्ये नाव, कंपनी, वर्ष, किंमत असे चार रकाने पाडलेत आणि पहिल्याच दुर्बिणीच्या वर्षापाशी अडकलात. जोडीला दोन प्रश्न: पितळ घासून चकचकीत करावं का, आणि तळाला भोक असलेली तांब्याची वाटी ‘चुकून आत आलेली दिसते’, ती काढून टाकावी का.

वाटी टाकू नका. तिच्याबद्दल शेवटी सांगतो. आणि घासायचं तर अजिबात नाव काढू नका, त्याचं कारणही पुढे येईल.

मी कोल्हापूरचाच. सुरुवात उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाली, तिथे सर्व्हेची यंत्रं दुरुस्तीला यायची. पुढे दुरुस्ती मागे पडली आणि जुन्या यंत्रांच्या नोंदी करण्याचंच काम मागे लागलं. शाळा, कॉलेजं, वाडे, कुणाच्या तरी आजोबांची ट्रंक. २२ वर्षं झाली. त्यामुळे खाली लिहितोय ते पुस्तकी कमी आणि हात पोळलेल्या माणसाचं जास्त आहे.

तुम्हाला वाटतंय अडचण वर्षाची आहे. मला वाटतं अडचण वेगळी आहे. दहा वर्षांनी तुमची बदली झालेली असेल, तुमच्या जागी नवीन शिक्षक येईल, हातात तुमची यादी घेऊन कपाटासमोर उभा राहील. यादीत लिहिलंय, ‘पितळी दुर्बीण, लंडन, जुनी.’ समोर तीन पितळी दुर्बिणी आहेत, तिन्हींवर लंडन आहे आणि तिन्ही जुन्या आहेत. आता यातली कुठली? किंवा तीनच्या दोन झाल्या असतील, तर कुठली गेली? नोंद त्या माणसासाठी करायची असते. वर्ष कळलं तर उत्तम, नाही कळलं तरी नोंद पूर्ण होऊ शकते. पण वस्तू ओळखताच आली नाही, तर बाकीचे सगळे रकाने भरून उपयोग शून्य.

किती खोलात जायचं हे मात्र तुमच्या हाताशी काय आहे त्यावर ठरेल. शाळेचं जुनं डेडस्टॉक रजिस्टर सापडलं तर निम्मं काम झालं म्हणा, कारण त्यात खरेदीची तारीख, दुकानदार आणि रुपये-आणे-पै सगळं असतं. ते नसेल तर वस्तूलाच बोलतं करावं लागेल. आणि गॅदरिंगला दोनच दिवस उरले असतील, तर फक्त नंबर, फोटो आणि मापं एवढंच करा. बाकीचं मे महिन्याच्या सुट्टीत.

नंबरापासून सुरुवात. साधा नंबर द्या: नोंद केल्याचं वर्ष आणि त्यापुढे अनुक्रमांक. २०२५/१, २०२५/२ असा. नंबरात हुशारी करू नका. ‘दु’ म्हणजे दुर्बीण, ‘पि’ म्हणजे पितळ, असली सांकेतिक भाषा मी सुरुवातीला केली होती. पुढे दुर्बीण म्हणून नोंदलेली एक वस्तू लेव्हलिंगच्या, म्हणजे जमिनीची पातळी बघायच्या यंत्राची सुटी नळी निघाली आणि नंबरच खोटा पडला. नंबराला अर्थ नसला की तो कधी चुकत नाही.

एका दुर्बिणीचे भाग बरेच असतात: नळी, पुढचं टोपण, आयपीस, तिवई, पेटी, पेटीची किल्ली. या सगळ्यांना एकच नंबर आणि पुढे अक्षर, २०२५/३ क, ख, ग. टोपणालासुद्धा. हसू नका. एका संस्थेत मी तीन दुर्बिणींची टोपणं ‘एकत्र सुरक्षित’ ठेवलेली पाहिली होती, प्लॅस्टिकच्या डब्यात. जुन्या पितळी टोपणांचे आटे हातानं पाडलेले असत, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. नऊ टोपणं आणि तीन नळ्या जुळवताना माझा अख्खा दिवस गेला, आणि दोन टोपणं कुणाचीच नाहीत असं शेवटी निघालं.

नंबर वस्तूवर कसा घालायचा? पेननं थेट नाही, स्टिकर नाही, सेलोटेप तर नाहीच, तिचा गोंद पितळावर कायमचा डाग पाडतो. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा पातळ थर देतात, त्यावर शाईनं नंबर आणि वर पुन्हा एक थर. गरज पडली तर तो पुसून काढता येतो. शाळेला एवढं करायची गरज नाही. पांढरी सुती नाडी, तिला जाड कागदाची चिठ्ठी, त्यावर पेन्सिलनं नंबर. शिसं पाण्यात वाहून जात नाही, शाईपेनचं अक्षर जातं. कोल्हापुरात ही गोष्ट दोनदा सांगायला नको, २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी पाहिलाय.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या एक्सेलमध्ये मला दोन रकाने वाढवून हवे आहेत, आणि ते कधीही एकमेकांत मिसळायचे नाहीत. एक, ‘वस्तूवर काय दिसतं’. दुसरा, ‘लोक काय सांगतात’.

याचं कारण एका वाड्यात शिकलो. तिथल्या काकांनी पेटीतून एक पितळी दुर्बीण काढून दाखवली आणि म्हणाले, ‘ही शाहू महाराजांनी आमच्या पणजोबांना दिलेली.’ दुर्बीण देखणी होती. मी भिंग लावून नळी फिरवली, तर आयपीसजवळ ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण आणि शेजारी १९४१. महाराज गेले १९२२ मध्ये. त्या वेळी माझ्यात शहाणपण कमी आणि उत्साह जास्त. काकांना तिथल्या तिथे सांगून टाकलं की ही गोष्ट खोटी आहे. काकांचा चेहरा पडला, चहा आला तोही गार.

पण जाताना पेटीची नोंद घ्यायची राहिली होती म्हणून ती उघडली. आत हिरवं मखमल, आणि मखमलीत वर्षानुवर्षं दबून पडलेला खड्डा. दुर्बीण त्यात ठेवून पाहिली. ती चार बोटं आखूड पडली आणि दोन्ही बाजूंनी हलली. म्हणजे ही पेटी या दुर्बिणीची नव्हतीच. तिच्यात कधीतरी दुसरी, जास्त लांब दुर्बीण झोपलेली होती, ती गेली आणि तिच्या जागी बाजारातून आलेली लष्करी दुर्बीण ठेवली गेली. काकांची गोष्ट कदाचित त्या पहिल्या दुर्बिणीची असेल, पेटीबरोबर उरलेली. मी ती खोटी म्हणून पुसून टाकली असती, तर पेटीकडे पुन्हा कुणी बघितलंच नसतं. तेव्हापासून ऐकलेली गोष्ट मी शब्दशः लिहितो, कुणी सांगितली आणि कोणत्या तारखेला तेही लिहितो, आणि वस्तूवरचा पुरावा शेजारच्या रकान्यात. दोघांचं पटत नसेल तर नसू दे. नोंदीनं निकाल द्यायचा नसतो.

असाच प्रकार कोकणातून येणाऱ्या दुर्बिणींचा. ‘विजयदुर्गावर हेलियम शोधला ना, त्या लॉकियर साहेबाची ही दुर्बीण.’ आता १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरंच आपल्या भागातून गेलं. लेफ्टनंट जॉन हर्शेल त्या वेळी जमखंडीला वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र) घेऊन बसला होता, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर मात्र त्या वर्षी हिंदुस्थानात आलाच नव्हता. त्याने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून घेतला, हेलियमशी त्याचं नाव जोडलं गेलं ते त्यावरून. विजयदुर्गावर तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ३० वर्षांनी. दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली. म्हणून अशा दुर्बिणीच्या नोंदीत ‘लॉकियरची’ असं लिहायचं नाही आणि ‘थाप’ असंही नाही. ‘मालकाच्या म्हणण्यानुसार’ एवढं लिहायचं आणि १८६८ की १८९८ हे त्यांनाच विचारून त्यांचं उत्तर टिपायचं.

वर्षाकडे येऊ. एका वस्तूला निदान तीन वर्षं असतात: बनली कधी, शाळेत आली कधी, नोंद झाली कधी. लोक तिन्हींची खिचडी करतात. तुमच्याकडे तिसरं नक्की आहे, दुसरं रजिस्टरमध्ये मिळेल, पहिलं बहुधा अंदाजानंच मिळेल. अंदाज लिहायला हरकत नाही, पण सीमा लिहा: ‘अमुक सालाच्या आधीची नाही, तमुक सालानंतरची नाही’ आणि कशावरून ते.

नळीवर कोरलेलं नाव हा पहिला धागा, पण तो कच्चा असतो. पुष्कळदा ते बनवणाऱ्याचं नसून विकणाऱ्याचं असतं. लंडनचे दुकानदार दुसऱ्याकडून माल घेऊन स्वतःचं नाव कोरून घ्यायचे. तरी नावाच्या रूपावरून सीमा मिळते. ‘ट्राउटन अँड सिम्स’ ही लंडनच्या यंत्रकारांची भागीदारी १८२६ ची, १९२२ मध्ये ती यॉर्कच्या कुक कंपनीत मिसळली आणि नाव झालं ‘कुक, ट्राउटन अँड सिम्स’. तुमच्या थिओडोलाइटसारख्या यंत्रावर यातलं लांब नाव असेल, तर ते १९२२ च्या आधीचं नाही, विषय संपला.

डॉलंड हे नाव दिसलं तर जरा दम धरा. लंडनच्या जॉन डॉलंडनं १७५८ मध्ये रंगदोष (प्रतिमेच्या कडेला दिसणारी रंगीत झालर) घालवणाऱ्या जोडभिंगाचं पेटंट घेतलं आणि नाव एवढं गाजलं की त्या काळीच नकला सुरू झाल्या. काही नकलांत स्पेलिंगमधल्या दुसऱ्या ‘ओ’च्या जागी ‘ए’ कोरलेला असतो. म्हणजे वस्तू बनावट, पण बनावटही दीडशे-दोनशे वर्षांची! तिला ‘नकली’ म्हणून कपाटाच्या कोपऱ्यात ढकलू नका.

खरी अडचण नव्या जुन्यांची आहे. रुरकी, मुरादाबादकडे पितळी ‘जहाजी’ दुर्बिणी आजही बनतात, शोभेच्या म्हणून विकल्या जातात आणि चार हात फिरल्या की ‘आजोबांच्या’ होतात. त्यांच्यावर नावं मोठमोठी असतात. मी ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलेली वस्तू डझनभर वेळा पाहिलीय. केल्विन आणि ह्यूज ही दोन वेगळी घराणी होती, ती एकत्र आली १९४० च्या दशकात. १९१७ मध्ये त्या नावाची कंपनीच नव्हती. तुमच्या तीनपैकी एखादीवर असं काही असेल तर वाईट वाटून घेऊ नका, नोंद करा आणि पुढे जा.

कोरलेला मजकूर नोंदवताना अक्षरं जशीच्या तशी, रोमन असतील तर रोमनच. ओळ मोडते तिथे तिरकी रेघ. चुकीचं स्पेलिंग दुरुस्त करायचं नाही, वर डॉलंडचं पाहिलंतच.

सेक्स्टंटच्या पेटीचं झाकण आतून बघा. बऱ्याचदा तिथे तपासणीचा छापील दाखला चिकटवलेला असतो, लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचा किंवा नंतरच्या काळात इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा, त्यावर यंत्राचा नंबर आणि तारीख. यंत्रावरचा नंबर आणि दाखल्यावरचा नंबर जुळला तर तुमच्या १४ वस्तूंतली सगळ्यात पक्की तारीख हीच असेल.

इथवर थोडक्यात: नंबर आधी, भागांना अक्षरं, दिसलेलं आणि ऐकलेलं वेगळं, वर्षाला सीमा. आता मापं, कारण मला स्वतःला यातच सगळ्यात जास्त मजा येते.

वर्निअर कॅलिपर तुमच्या फिजिक्स लॅबमध्ये असणारच. पुढच्या भिंगाचा उघडा व्यास मोजा. नळीचा नाही, काचेचा. मग नळी मिटलेली किती, पूर्ण ओढलेली किती, किती टप्प्यांची. सगळं मिलिमीटरमध्ये. कॅलिपरचे जबडे काचेला लागू देऊ नका, कडेच्या पितळी कड्यावर टेकवा.

भिंग उघडायचं नाही. आत काय आहे हे बाहेरूनच कळतं. खोलीत अंधार करा, एक बल्ब लावा आणि पुढच्या भिंगात त्याची प्रतिबिंबं मोजा. साध्या एकेरी भिंगात दोन दिसतात. दोन भिंगं मध्ये फट ठेवून बसवलेली असतील तर चार. दोन भिंगं चिकटवलेली असतील तर दोन ठळक आणि मधलं एक अगदी पुसट, कारण चिकटलेल्या जागी परावर्तन फार थोडं होतं. प्रतिबिंब पांढऱ्याऐवजी निळसर-जांभळट दिसलं तर काचेवर परावर्तन घटवणारा लेप आहे, आणि हा लेप जर्मनीच्या झाइस कंपनीनं १९३५ मध्ये काढला. म्हणजे नळीवर काहीही कोरलेलं असो, ती काच त्याआधीची नाही. काच नंतर बदललेली असू शकते, तेही लिहा.

उघडायचं का नाही? जुन्या जोडभिंगाच्या कडेला कारागिरानं पेन्सिलनं दोन्ही काचांवर मिळून एक खूण केलेली असते, दोन काचा एकमेकांशी नेमक्या कशा फिरवून बसवायच्या याची. मधे कथलाच्या पत्र्याचे तीन इवलेसे तुकडे. एकदा हौशी हातानं उघडलं की ते तुकडे फरशीवर आणि खूण बोटानं पुसलेली. माझ्या हातून हे झालं नाही, पण झालेलं निस्तरायला मला तिघांनी बोलावलंय.

दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे कोरलेल्या आकड्यावरून घेऊ नका. दुर्बीण उजळ आभाळाकडे करा, सूर्य पाठीशी हवा. आयपीसच्या मागे ट्रेसिंग पेपर धरून पुढेमागे करा. एका ठिकाणी प्रकाशाची छोटी, कडा स्पष्ट असलेली चकती दिसेल. तिचा व्यास मोजा. भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर आणि चकती २ मिलिमीटर, तर दुर्बीण २५ पट. पण थांबा, भिंगाचा सगळा व्यास वापरात आहे का? स्वस्त दुर्बिणींत आत अरुंद कडी बसवून कडेचा वाईट भाग झाकलेला असतो. दुर्बीण लांबच्या वस्तूवर फोकस करा, मग आयपीसमधून टॉर्च मारा आणि पुढून बाहेर पडणारा उजेड जवळच्या भिंतीवर घ्या. ७० मिलिमीटरच्या भिंगातून ४५ मिलिमीटरचंच वर्तुळ पडलं, तर ती दुर्बीण कामापुरती ४५ चीच आणि वरच्या हिशोबातही ४५ च घ्यायचे. नोंदीत दोन्ही आकडे लिहा. मुलांना बोलवा या प्रयोगाला, आठवीची मुलं नववीचं प्रकाशाचं प्रकरण तिथेच शिकतील.

पांढऱ्या जपानी दुर्बिणीवर बहुधा ‘डी ६० मिलिमीटर, एफ ९००’ (भिंगाचा व्यास आणि नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर) किंवा तसं काही लिहिलेलं असेल आणि आयपीसची नळी २४.५ मिलिमीटरची असेल. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांनी घेतलेली ठरावीक दुर्बीण. तिच्या पेटीत काळ्या काचेचं एक छोटं झाकण असेल, आयपीसला लावून सूर्य बघायचं. त्याची नोंद करा आणि चिठ्ठीवर लाल अक्षरात ‘वापरू नये’ लिहा. सगळं ऊन एका ठिपक्यावर येतं त्या जागी ती काच बसते, तापून तडकली की पुढे डोळाच आहे.

छायाघडीचा एक प्रश्न सोपा आहे. तिच्या तिरप्या पात्याचा कोन कोनमापकानं मोजा. छायाघडीचं पातं त्या गावाच्या अक्षांशाइतकं कललेलं लागतं. कोल्हापूर १६ अंश ४२ मिनिटांवर, मुंबई १९ वर, लंडन साडेएक्कावन्नवर. पातं न हलणारं आणि कोन पन्नासच्या आसपास असेल, तर ती घडी इथे कधी खरी वेळ दाखवूच शकली नाही, ती टेबलावरच बसली. सतरा-अठराच्या आसपास असेल तर मला जरूर कळवा, कारण मग ती कुणीतरी या भागासाठी मुद्दाम करवून घेतलेली असणार. उन्हात ठेवून तपासाल तर घड्याळापेक्षा अर्धा तास मागे दिसेल म्हणून तिला दोष देऊ नका. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण सव्वाचौऱ्याहत्तरवर, एवढ्यानंच ३३ मिनिटं जातात, आणि वर ऋतूप्रमाणे पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत इकडेतिकडे.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची तबकडी तुम्ही यादीच्या शेवटी ढकललीत. मी तिला पहिल्या पाचात घेईन. एक बाजू किंचित खोलगट असेल तर तो परावर्ती, म्हणजे भिंगाऐवजी आरसा वापरणाऱ्या दुर्बिणीचा आरसा आहे. वरचा थर काळपट-तपकिरी पडलेला असेल तर चांदी, पांढुरका धुरकट असेल तर बहुधा ॲल्युमिनियम, आणि ॲल्युमिनियमचा मुलामा १९३० च्या दशकापासूनचा. पुसू नका, बोट लावू नका. मागची बाजू पाहा, पेन्सिलनं नाव, तारीख, नाभीय अंतर लिहायची पद्धत होती. आणि ते वर्तमानपत्र फेकू नका! ते सपाट करून पाकिटात घाला, त्यालाही अक्षर द्या. त्यावरची तारीख म्हणजे आरसा शेवटचा कधी गुंडाळला याची साक्ष. पूर्वी हौशी मंडळी कार्बोरंडमच्या पुडीनं आरसे घरी घासायची, काचेवर काच, महिनोन्महिने. तुमचा आरसा तसा कुण्या सरांनी घासलेला असेल आणि तिवईचं डोकं उद्यमनगरातल्या ओतीव लोखंडाचं निघालं, तर माझ्या लेखी त्याची किंमत लंडनच्या तिन्ही पितळी नळ्यांपेक्षा जास्त. लंडनची दुर्बीण जगात हजार ठिकाणी मिळेल.

शाळेच्या जुन्या माजी विद्यार्थ्यांना याबद्दल विचारा. वस्तू कुठून कुठे गेली हा रकाना फार बोलतो. पुण्यात खगोलशास्त्रज्ञ नायगमवालांनी १८८८ मध्ये उभी केलेली तख्तसिंगजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली, तिची २० इंची परावर्ती दुर्बीण कोडाईकॅनलला गेली आणि तिथे आजही ‘भावनगर दुर्बीण’ म्हणूनच ओळखली जाते, कारण पैसा भावनगरच्या महाराजांचा होता. तीन गावांची नावं एका यंत्राला चिकटलीत आणि कागद सलग होते म्हणून तिन्ही कळतात.

आता घासण्याचं. जुन्या पितळी यंत्रांचा सोनेरी रंग पितळाचा नसतो, तो लाखेच्या रोगणाचा असतो. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावलीत की रोगण गेलं, आणि त्याबरोबर कारागिराचा हातही. मी वर्कशॉपमध्ये नवीन असताना एका थिओडोलाइटचं वर्तुळ चिंचेनं घासलं होतं. अंश कोरलेल्या कड्यावर दुधासारखा पांढरा चांदीचा मुलामा होता, त्यात काळ्या मेणानं भरलेले आकडे. एका फडक्यात चांदी निघाली, दुसऱ्या फडक्यात आकडे. खाली लख्ख पिवळं पितळ, आणि एकही अंश वाचता येत नाही. आमचे मालक काही बोलले नाहीत. ते यंत्र त्यांनी माझ्या टेबलासमोरच्या फळीवर ठेवलं आणि मी तिथे होतो तोवर ते हलवलं नाही. तुम्ही मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडा, बास. आणि अंधारात चमकणाऱ्या जुन्या रंगाचे आकडे कुठे दिसले, पिवळट-तपकिरी पडलेले, तर ते खरवडू नका, त्यात रेडियम असू शकतं.

ठेवण्याबद्दल एवढंच की आपल्याकडे जून ते सप्टेंबर काचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी धरते आणि ती पुष्कळदा चामड्याच्या म्यानातून येते. दुर्बीण आणि म्यान वेगळं ठेवा, दोन्हींवर एकच नंबर. सिलिका जेल ठेवा आणि ती दर पावसाळ्यात बदला. कपाटाचा सर्वांत खालचा खण रिकामा. यादीची एक प्रत शाळेबाहेर, उंचावर राहणाऱ्या कुणाकडे तरी.

किमतीचा रकाना काढून टाका. विम्यासाठी लागलाच तर वेगळ्या कागदावर, मुख्याध्यापकांच्या ताब्यात. गॅदरिंगच्या प्रदर्शनात वस्तूशेजारी लाखांचा आकडा लावला की दुसऱ्या दिवसापासून कुलूप राखत बसावं लागतं. १०० वर्षांपुढच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, तेव्हा ‘अडगळ’ म्हणून भंगारात काढण्याचा ठराव कुणी मांडला तर हे त्यांच्या कानावर घाला.

राहिली वाटी. तांब्याची, अर्धगोल, तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. मॅडम, ते घटिकापात्र असण्याची दाट शक्यता आहे. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ही रिकामी वाटी सोडायची, भोकातून पाणी चढत जातं आणि वाटी बुडते तेव्हा एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा एक दिवस. लग्नात मुहूर्ताची वेळ यावरच धरत, आणि आपण ‘घटका भरली’ म्हणतो ती हीच. तुमच्या कपाटात मंगळ-गुरू बघायची यंत्रं चार आहेत, पण या मातीतलं वेळ मोजायचं यंत्र हे एकच दिसतंय.

आधी तडा आहे का पाहा. भोकात टाचणी घालून ‘साफ’ करू नका, भोक केसभर मोठं झालं तरी वेळ बदलते. तडा नसेल तर रुंद पातेल्यात स्वच्छ पाणी घ्या, वाटी हलकेच सोडा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. तीन वेळा करा, लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. २४ च्या आसपास आली तर नाव पक्कं. १९ आली किंवा ३१ आली तरी खोडाखोड न करता तोच आकडा लिहा, पाणी किती ऊन होतं तेही, आणि नोंदीत नाव टाका: ‘घटिकापात्र (बहुधा)’.